तुडतुडे औषधाला का दाद देत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांसाठी सलग तीन हंगाम इमिडाक्लोप्रिड फवारलं. पहिल्या वर्षी शेत लगेच स्वच्छ झालं. आता मात्रा दुप्पट करूनही आठ-दहा दिवसांत बुंध्यांवर तेवढेच तुडतुडे दिसतात. औषध बनावट आहे, की किडीत प्रतिकारक्षमता आली? आणि आता नवं औषध कोणतं घ्यायचं?

नव्या औषधाचं नाव मी मुद्दाम मागे ठेवतो. ते आधी सांगितलं की बाकीचं वाचायचं राहून जातं, आणि दोन-तीन हंगामांनी त्या औषधाबद्दलही हाच प्रश्न विचारायची पाळी येते. आधी सांगायला हवं ते हे, की फवारणी फसली म्हणजे प्रतिकारक्षमताच आली असं नाही. तुमच्या बाबतीत ती आली असण्याची शक्यता मोठी आहे. पण ‘आठ-दहा दिवसांत पुन्हा’ या शब्दांनी मी थबकलो.

तपकिरी तुडतुड्याची मादी अंडी उघड्यावर घालत नाही. बुंध्याजवळ खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणाला चीर पाडून ती आत अंड्यांचे पुंजके घालते. एक मादी आयुष्यात शेकडो अंडी घालते, आणि उबदार हवामानात ती साधारण सात ते नऊ दिवसांत उबतात. बहुतेक फवारे आतल्या अंड्यांपर्यंत पोचत नाहीत. म्हणून औषध उत्तम चाललं, सगळे प्रौढ आणि पिल्लं मेली, तरी आठवड्याने नव्या पिल्लांचं पीक दिसणारच. नववा दिवस पाहून औषधाला नापास ठरवणं अन्यायाचं आहे.

त्यामुळे पाहणी तिसऱ्या दिवशी करा. फवारणीच्या आदल्या दिवशी शेतात तिरकस चालत वीसेक चुडांचे (चूड म्हणजे एका जागी वाढणारा रोपांचा झुबका) बुंधे वाकवून तुडतुडे मोजा आणि लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी तसंच मोजा. संख्या फारशी घटली नसेल आणि मोठी पिल्लं व प्रौढ तितकेच दिसत असतील, तर औषध लागू पडलेलं नाही. तिसऱ्या दिवशी बुंधे जवळपास रिकामे होते आणि नवव्या दिवशी फक्त बारीक, पांढुरकी पिल्लं दिसली, तर औषधाने काम केलं होतं आणि तुम्ही पाहताय ती पुढची पिढी. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या प्रसंगात घाईने मात्रा वाढवणारा माणूस चांगल्या औषधाचा नाश आपल्या हाताने सुरू करतो.

तिसऱ्या दिवसाची ही कसोटी प्रत्येक औषधाला लागू नाही, हेही लक्षात ठेवा. बुप्रोफेझिन किडीची कात तयार होऊ देत नाही. पिल्लू कात टाकायच्या वेळी मरतं, प्रौढ मरतच नाही. पायमेट्रोझिनने तुडतुडा रस शोषणं थांबवतो, पण मरायला त्याला दिवस लागतात. या औषधांचा निकाल तिसऱ्या दिवशी लावला तर ती निरुपयोगीच वाटतील. इमिडाक्लोप्रिडसारखं मज्जासंस्थेवर काम करणारं औषध मात्र तिसऱ्या दिवशी दिसायलाच हवं.

मग फवारणीची पद्धत. तुडतुडे पाण्याच्या पातळीच्या जरा वर, बुंध्यावर बसतात. कापूस किंवा भाजीपाल्यासारखं वरून फवारलं तर औषध पानांवरच राहतं आणि खाली विरलेला अंश पोचतो. नोझल बुंध्याकडे वळवलं नसेल, हातपंपाने हेक्टरी ५०० लिटरच्या आसपास पाणी वापरलं नसेल, रोपांची गर्दी इतकी असेल की आत शिरायलाच वाट नाही, तर उत्तम औषधही फसतं. आणि बुंध्यावर पोचलेली अपुरी मात्रा फक्त वाया जात नाही. थोडासा प्रतिकार असलेल्या किडी तिच्यातून वाचतात, आणि काही औषधांच्या अशा अपुऱ्या मात्रेने मादी जास्त अंडी घालते हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

औषध बनावट आहे का, ही शंका रास्त आहे, पण तिचा निवाडा कसा कराल? साधी चाचणी घरी करता येते. न फवारलेल्या जागेतून भाताची निरोगी रोपं आणा, मुळं ओल्या कापसात गुंडाळा. काही रोपं लेबलवर दिलेल्या मात्रेच्या द्रावणात अर्धा मिनिट बुडवून सावलीत सुकवा, काही नुसत्या पाण्यात बुडवा. काचेच्या बरण्यांत ठेवून प्रत्येकीत मध्यम आकाराची पंधरा-वीस पिल्लं सोडा, तोंडाला जाळीचं कापड बांधा, आणि तीन दिवस रोज मेलेली मोजा. द्रावण कालवताना हातमोजे घाला आणि बरण्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. पाण्याच्या बरणीत पाचात एक या प्रमाणात पिल्लं मेली तरी चाचणी रद्द समजा, कारण पकडताना त्यांना इजा झालेली असते. हीच चाचणी दुसऱ्या खात्रीच्या दुकानातल्या, वेगळ्या बॅचच्या त्याच औषधावर करा. दोन्ही डबे सारखेच फसले तर दोष किडीच्या अंगात आहे. एक चालला आणि एक फसला तर दोष डब्यात आहे. प्रयोगशाळेत हीच पद्धत वेगवेगळ्या तीव्रतांवर करून निम्मी कीड मारणारी तीव्रता काढतात आणि कधीच औषध न पाहिलेल्या किडीच्या आकड्याशी ताडतात. हे गुणोत्तर दहाच्या आत असेल तर प्रतिकार सौम्य मानतात, दहा ते शंभर असेल तर मध्यम, आणि शंभरावर गेलं तर तीव्र.

या शेवटच्या आकड्यातच मात्रा दुप्पट करण्याचा फोलपणा आहे. शंभरपट प्रतिकार असलेल्या किडीला दुप्पट मात्रा काय करणार? ती तिला जाणवतही नाही. ती मात्रा मारते ते कोळी, मिरिड ढेकूण आणि अंड्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म परोपजीवी माश्यांना. त्यांच्यात हा प्रतिकार बहुधा नसतो. थोडक्यात, तुम्ही पैसे देऊन तुडतुड्यांचे शत्रू मारता. मात्रा वाढवणं आजपासून थांबवा. या सगळ्या उत्तरातली ही एकच गोष्ट मी हुकमाच्या स्वरात सांगतो.

प्रतिकार येतो कसा, याबद्दलचा एक समज दूर करायला हवा. किडीला औषधाची ‘सवय’ होत नाही. एकच तुडतुडा रोज थोडं थोडं विष पचवून घट्ट होत नाही. लाखो तुडतुड्यांमध्ये अगदी थोडे जन्मतःच जरा वेगळे असतात. फवारा बाकीच्यांना मारतो आणि या थोड्यांना मोकळं शेत देतो. पुढची पिढी त्यांची. भाताच्या एका पिकात तुडतुड्याच्या साधारण तीन पिढ्या होतात, आणि प्रत्येक पिढीवर तेच औषध पडलं तर एका हंगामात तीनदा निवड होते. तुमच्या तीन हंगामांत नऊ वेळा झाली असेल.

ते ‘जरा वेगळे’ असणं म्हणजे काय, हे तपकिरी तुडतुड्यात बरंच उलगडलेलं आहे. किडीच्या शरीरात विषारी पदार्थ फोडणारी सायटोक्रोम पी-४५० नावाची विकरं असतात. इमिडाक्लोप्रिडच्या बाबतीत त्यातलं एक, सीवायपी-६-ईआर-१, मुख्य गुन्हेगार ठरलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की प्रतिकारक तुडतुड्यांमध्ये या जनुकाच्या दोन प्रती झालेल्या असतात. एक प्रत आपलं जुनं काम करत राहते. दुसरीत बदल होऊन ती इमिडाक्लोप्रिड फोडायला शिकलेली असते, आणि ती भरमसाट प्रमाणात चालते. म्हणजे औषध आत जातं, पण मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधीच त्याचे तुकडे होतात. दुसरा मार्ग असतो तो औषध जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदलण्याचा. फिप्रोनिलविरुद्ध तुडतुड्यांमध्ये असे बदल सापडले आहेत. पूर्वीच्या काळी हिरव्या तुडतुड्यांनी कार्बामेट औषधांना जुमानणं सोडलं तेही असंच, त्या औषधांचं लक्ष्य असलेलं विकर बदलून.

हे शास्त्र इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण व्यवहारातलं आहे. विष फोडणारी विकरं एकाच औषधापुरती मर्यादित राहतील असं नाही. रचनेने जवळच्या औषधांनाही ती कमी-अधिक फोडतात. त्यामुळे इमिडाक्लोप्रिड चालत नाही म्हणून थायामेथोक्झाम घेतलं, ते चालेना म्हणून क्लोथियानिडिन घेतलं, तर तुम्ही औषध बदललेलं नसतं, डबा बदललेला असतो. ही तिन्ही, आणि ॲसिटामिप्रिड, डायनोटेफ्युरान, नायटेनपायराम हीसुद्धा, निओनिकोटिनॉइड वर्गातली आहेत. जागतिक वर्गीकरणात त्यांचा गट ४ए. अनेक देशांत लेबलवर हा गट क्रमांक छापतात. नसेल तर घटकाच्या नावावरून शोधता येतो. औषध निवडताना व्यापारी नाव झाकून फक्त घटक आणि गट वाचायची सवय लावा. एकाच घटकाची दहा व्यापारी नावं असतात आणि फसगत तिथेच होते.

आता थोडा इतिहास, कारण तुमच्या शेतात घडतंय ते आधी मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. इमिडाक्लोप्रिड १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. ते इतकं प्रभावी होतं की दहा वर्षं आशियातला भात बऱ्याच अंशी त्याच्यावर विसंबला. २००३ च्या सुमारास थायलंडमध्ये आणि २००५ पर्यंत व्हिएतनाम, चीन, जपानमध्ये प्रतिकार नोंदला गेला. तपकिरी तुडतुडा हिवाळ्यात जपान-कोरियात तगत नाही. दरवर्षी उन्हाळ्यात तो दक्षिणेकडून वाऱ्यावर हजारो किलोमीटर वाहत येतो, आणि येताना उत्तर व्हिएतनाम किंवा दक्षिण चीनच्या शेतांत झालेली निवड बरोबर आणतो. जपानी शेतकऱ्याने पहिल्या फवाऱ्याआधीच अर्धी लढाई हरलेली असायची. तेव्हा किडीची औषधाला बळी पडण्याची क्षमता ही गावाच्या सामायिक विहिरीसारखी आहे. एकाने उपसली तरी सगळ्यांची आटते.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती २००६ मध्ये पूर्व आणि आग्नेय आशियात ठिकठिकाणी गोळा केलेल्या तुडतुड्यांची तपासणी. तपकिरी तुडतुड्यात अनेक ठिकाणी इमिडाक्लोप्रिडला प्रतिकार होता, फिप्रोनिलला तसा नव्हता. पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यात नेमकं उलट: फिप्रोनिल निकामी, इमिडाक्लोप्रिड चालू. एकाच भातावर, बहुधा एकाच फवाऱ्याखाली राहणाऱ्या, दिसायला जवळच्या दोन जाती. म्हणून ‘तुडतुड्यांवर अमुक चालत नाही’ हे विधान अपुरं आहे. कोणता तुडतुडा, हे आधी भिंगातून पाहा. पांढऱ्या पाठीच्या प्रौढाच्या पाठीवर पंखांच्या मध्ये पांढरा पट्टा असतो, तपकिरीत तो नसतो. शेजाऱ्याचा अनुभव उसना घेताना हा तपशील हमखास सुटतो.

आता मुख्य मुद्दा. प्रतिकारक्षमतेवरचं सगळ्यात मोठं औषध म्हणजे न केलेली फवारणी, आणि टाळायला सगळ्यात सोपी फवारणी म्हणजे लावणीनंतरच्या पहिल्या चाळीस दिवसांतली. त्या काळात शेतकरी फवारतो ते बहुतेक वेळा पानं गुंडाळणाऱ्या अळीसाठी. पांढरी पडलेली पानं दुरून दिसतात आणि जीव घाबरतो. पण फुटवे धरणारं भात ते नुकसान भरून काढतं, उत्पादन सहसा घटत नाही. त्या फवाऱ्याने होतं काय? खाचरात नुकते वस्तीला आलेले कोळी आणि मिरिड ढेकूण मरतात, आणि त्यानंतर उडत येणाऱ्या तुडतुड्यांना शत्रूच उरत नाही. जमिनीलगत धावणारा लांडगा कोळी दिवसाला पाच ते पंधरा किडी खातो. मिरिड ढेकूण तर आवरणातल्या अंड्यांपर्यंत सोंड घालतो, जिथे तुमचा फवारा पोचत नाही. हे गेले की तुडतुडे उसळतात, मग त्यांच्यासाठी फवारा, मग आणखी एक, आणि प्रत्येक फवाऱ्यागणिक निवड. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या बाबतीत सगळ्यात वाईट. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी औषधं भातावर फवारल्यावर तुडतुड्यांचा उद्रेक होतो हे वारंवार दिसलं आहे. भातासाठी मी त्यांची शिफारस कधीच करत नाही, स्वस्त असली तरी.

हे पुस्तकी वाटत असेल तर दोन उदाहरणं. इंडोनेशियाने नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या तीन वर्षांत कीटकनाशकांचं अनुदानही संपवलं. भाताचं उत्पादन कोसळलं नाही. व्हिएतनामच्या मेकाँग खोऱ्यात १९९० च्या दशकात ‘पहिले ४० दिवस फवारणी नको’ एवढाच संदेश घेऊन मोहीम झाली, आणि मोहिमेच्या भागात शेतकऱ्यांच्या फवारण्या निम्म्यावर आल्या.

चाळीस दिवसांनंतर फवारायचं ते मोजून. चुडामागे दहा तुडतुडे ही सर्वसाधारण मर्यादा. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस मला अधिक शहाणी वाटते: फुटव्यामागे एक तुडतुडा झाला की उपाय करा, पण चुडामागे एक कोळी असेल तर फुटव्यामागे दोनपर्यंत थांबा. कोळ्यांची गणती हिशोबात धरणारी मर्यादा खरी उपयोगाची. मोजताना आखूड पंखांच्या माद्यांकडे लक्ष ठेवा. त्या उडून जात नाहीत, तिथेच राहून अंडी घालतात. त्या वाढल्या म्हणजे पुढची पिढी मोठी येणार.

औषधांची आलटापालट करताना ती किडीच्या पिढीगणिक करा. एकाच पिढीवर दहा दिवसांच्या अंतराने दोन वेगळे गट फवारले तर दोन्ही गटांची निवड एकाच वेळी होते. साधारण महिन्याच्या काळात एक गट, पुढच्या महिन्यात तो गट अजिबात नाही, अशी आखणी ठेवा. बी-प्रक्रिया आणि रोपवाटिकेतल्या दाणेदार औषधाचा गटही या हिशोबात धरा. रोपवाटिकेत दिलेलं औषध शेतात हळूहळू विरळ होत आठवडे टिकतं आणि पहिली पिढी त्याच्यावरच वाढते. रोपांना निओनिकोटिनॉइड दिलं असेल तर त्या पिकात ते पुन्हा फवारू नका.

तयार मिश्रणांबद्दल माझं मत कडक आहे. दोन्ही घटक त्या किडीवर अजून चालत असतील तरच मिश्रणाला अर्थ. एक निकामी झालेला असेल तर दुसरा एकटाच लढतो आणि लवकर थकतो. बाजारात पायरेथ्रॉइड घातलेली मिश्रणं असतात, ती भातात टाळा.

खोडकिड्याची गोष्ट वेगळी आहे, तरी थोडं सांगतो. अळी खोडात शिरेपर्यंतचे दिवसच काय ते तुमच्या हातात असतात, त्यामुळे सापळ्यातले पतंग आणि पानावरचे अंड्यांचे पुंजके पाहून वेळ साधावी लागते. पांढऱ्या लोंब्या दिसल्यावर फवारून काही हाती लागत नाही. इथेही धडा तोच आहे. चीनमध्ये पट्टेदार खोडकिड्यासाठी क्लोरँट्रानिलीप्रोल २००८ मध्ये नोंदलं गेलं, आणि दहा वर्षांच्या आत काही प्रांतांत तीव्र प्रतिकार आला. औषधाचं लक्ष्य असलेल्या स्नायूंतल्या रायनोडिन रिसेप्टरमध्येच बदल झाले होते. लक्ष्यच बदललं की त्याच गटातलं फ्लुबेंडायमाइडही बाद होतं.

वाण आणि खत हे प्रतिकारक्षमतेच्या चर्चेत बाजूला पडतात, ते पडू नयेत. नत्र जास्त दिलं की तुडतुड्याची मादी जास्त अंडी घालते, पिल्लं जास्त जगतात. युरिया दोन-तीन हप्त्यांत विभागून, पानाचा रंग पाहून द्या. तुडतुडा-प्रतिकारक वाण असेल तर जरूर लावा, पण एकाच जनुकावर सगळा भरवसा नको. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा आयआर-२६ हा बीपीएच-१ या तुडतुडा-प्रतिकारक जनुकाचा वाण १९७३ मध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत तुडतुड्यांनी त्यावर मात केली. कीड विषाला जसं उत्तर शोधते तसंच ती झाडालाही शोधते.

आता तुमच्या या हंगामाचं. आधी तिसऱ्या दिवसाची मोजणी आणि बरण्यांची चाचणी करा. प्रतिकार निघाला तर तपकिरी तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड आणि त्याचे ४ए गटातले भाऊबंद बाजूला ठेवा, निदान दोन-तीन हंगाम. प्रतिकारक तुडतुडे औषध नसलेल्या शेतात जरा कमी वाढतात, त्यामुळे काळाने प्रमाण घटतं. ते शून्यावर मात्र येत नाही, आणि औषध परत आणलं की लवकर वर चढतं. पर्याय म्हणून शेतात पिल्लं जास्त असतील तर बुप्रोफेझिन (गट १६). प्रौढ आणि पिल्लं मिसळलेली असतील तर पायमेट्रोझिन (गट ९बी) किंवा ट्रायफ्लुमेझोपायरिम (गट ४ई). यातलं एकच, लेबलच्या मात्रेत, बुंध्यावर, आणि तुमच्या देशात भातासाठी नोंदलेलं असेल तरच. पहिल्या दोघांनाही चीनमध्ये प्रतिकार आलेला आहे, म्हणून बरणीची चाचणी याही औषधाची करून मगच पंप भरा, फक्त या मंद औषधांचा निकाल तिसऱ्या दिवशी लावू नका. शेजारच्या खाचरांतही त्याच आठवड्यात तोच गट वापरला जाईल असं बोलून ठरवता आलं तर उत्तम. एकाने ४ए आणि दुसऱ्याने ९बी फवारलं तर तुडतुड्यांना बांध ओलांडायला वेळ लागत नाही.

खाचरातलं पाणी तीन-चार दिवस काढून बुंधे कोरडे होऊ द्या. दर दोन-तीन मीटरवर एक ओळभर वाट नसेल तर पुढच्या लावणीत ठेवा. आणि दाणे भरून पीक कापणीला दोन आठवड्यांवर आलं असेल तर फवारू नका. कापणीपूर्वी पाळायचा काळही तेव्हा उरलेला नसतो. पाणी काढा, आणि जिथे गोलाकार पिवळे डाग पडू लागलेत तो भाग आधी कापून घ्या.